२० इंची केबिन बॅग सगळ्या विमानांत चालते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मँचेस्टरला नोकरी करणाऱ्या एका मुलाचे आई-वडील पहिल्यांदाच त्याच्याकडे निघाले आहेत. कोल्हापूरहून हैदराबादपर्यंत इंडिगोचे एटीआर हे पंख्यांचे छोटे विमान, हैदराबादहून दोहामार्गे मँचेस्टरपर्यंत कतार एअरवेज आणि तिथे पोहोचल्यावर सगळ्यांनी मिळून रायनएअरने स्पेनची छोटी सहल, असा बेत आहे. दुकानदाराने दोन ट्रॉली बॅगा दाखवून ‘ही २० इंची सगळीकडे चालते’ असे सांगितले आहे. त्या घ्याव्यात का आणि माप नेमके कोणते धरावे, असे मुलाने विचारले आहे.

मी बरीच वर्षे विमानतळावर चेक-इन काउंटरवर आणि बोर्डिंग गेटवर काम केले आहे, आणि दुकानातल्या याच वाक्यावर विसंबून आलेल्या प्रवाशांना गेटवर बॅग उघडायला लावण्याची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली आहे. त्यामुळे आधी स्पष्ट उत्तर देतो. ‘सगळीकडे चालते’ असे कोणतेही एक माप आज जगात नाही. हातसामानाचे माप प्रत्येक विमान कंपनी स्वतः ठरवते, आणि एकाच तिकिटावर दोन-तीन कंपन्यांची विमाने असली तरी ज्या टप्प्याचे विमान जी कंपनी उडवते, त्या टप्प्यावर हातसामानासाठी तिचाच नियम लागतो. म्हणून बॅग घेताना आपल्या प्रवासातल्या सर्वांत तंग कंपनीचे माप धरावे लागते, तेही लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही बाजूंनी वेगवेगळे.

तुमच्या बाबतीत ते असे होते. इंडिगोला ५५ × ३५ × २५ सेंमी, म्हणजे तिन्ही मापांची बेरीज ११५ सेंमी चालते. कतार एअरवेजच्या इकॉनॉमी वर्गाला ५० × ३७ × २५ सेंमी चालते. इंडिगो रुंदीला तंग आहे, तर कतार उंचीला. दोन्ही एकत्र धरले की हाती उरते ते ५० × ३५ × २५ सेंमी. चाकांसह ५५ सेंमी उंच बॅग इंडिगोच्या मापात बसेल, पण हैदराबादला कतारच्या काउंटरवर कोणी नियमावर बोट ठेवले तर ती पाच सेंटिमीटरने मोठी ठरेल. पुढे कधी एअर इंडियाने जाणे होणार असेल तर तिचे माप ५५ × ४० × २० सेंमी आहे. बेरीज इथेही ११५ सेंमीच येते, पण जाडी फक्त २० सेंमी मिळते. एमिरेट्सचे माप ५५ × ३८ × २२ सेंमी, लुफ्तान्साचे ५५ × ४० × २३ सेंमी, आणि ब्रिटिश एअरवेज तर ५६ × ४५ × २५ सेंमी इतकी सवलत देते. ही मापे कंपन्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढताना आणि निघण्याच्या आठवड्यात असे दोनदा त्या-त्या कंपनीच्या पानावर पाहून घ्यावे. मात्र या सहाही कंपन्यांची मापे समोर ठेवून सर्वांत लहान आकडे घेतले तर ५० × ३५ × २० सेंमी येते, आणि भारतातून बाहेर जाणाऱ्या प्रवाशाने एकच बॅग दहा वर्षे वापरायची असेल तर मी त्याला हेच माप घ्यायला सांगतो. बाहेरून मोजता ते ३५ लिटर होते, आत त्याहून थोडे कमी मावते, आणि ते किती पुरते याविषयी पुढे वजनाच्या मुद्द्यापाशी सांगतो.

सगळ्यांनी मिळून एक माप का ठरवले नाही, हा प्रश्न रास्त आहे, आणि तसा प्रयत्न झालाही होता. जून २०१५ मध्ये विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयाटाने, ५५ × ३५ × २० सेंमी हे माप सुचवले होते. त्या मापाच्या बॅगेवर एक ठरावीक चिन्ह असावे, म्हणजे कर्मचाऱ्याला ती मोजायची गरजच पडू नये, अशी कल्पना होती. परंतु अमेरिकेत आणि कॅनडात लोकांच्या घरी आधीच त्याहून मोठ्या बॅगा होत्या. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांना २२ × १४ × ९ इंच, म्हणजे साधारण ५६ × ३५ × २३ सेंमी, चालत होते आणि आजही चालते. नव्या बॅगा विकण्याचा हा डाव आहे अशी ओरड झाली, आणि दोन आठवडे होण्याच्या आतच आयाटाने ती योजना थांबवली. ती टिकली असती तर प्रवाशांचे भले झाले असते, असे मला आजही वाटते.

मापे वेगळी असण्यामागे विमानाची रचनाही आहे. डोक्यावरच्या कप्प्यात बॅग आडवी ठेवायची की एका कडेवर उभी, यावर किती बॅगा मावतील ते ठरते. बोइंगने ७३७ विमानांसाठी नंतर जे खोल कप्पे काढले त्यांत बॅग कडेवर उभी राहते, आणि जुन्या कप्प्यात चार बॅगा मावायच्या तिथे सहा मावतात. एअरबसनेही ए३२० मालिकेसाठी असे मोठे कप्पे आणले आहेत. ज्या कंपनीकडे दोन्ही प्रकारची विमाने आहेत, तिला जुन्या विमानाचा हिशोब धरूनच नियम करावा लागतो.

आता मोजण्याकडे वळतो, कारण खरी गफलत तिथेच होते. विमान कंपनीचे माप चाके, हँडल आणि बाहेरचे खिसे धरून असते. दुकानातली ‘२० इंच’ ही संख्या मात्र पुष्कळदा फक्त पेटीची उंची असते. २० इंच म्हणजे ५१ सेंमी. खाली चार-पाच सेंटिमीटरची चाके आली की तीच बॅग ५५ सेंमीवर जाते. ‘२२ इंची’ म्हणून विकली जाणारी बॅग चाकांसह ६० सेंमीच्या आसपास पोहोचते, आणि ती भारतातून निघणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या मापात बसत नाही. त्यामुळे तुम्ही पाहिलेल्या बॅगेच्या पट्टीवर काय लिहिले आहे याला फारसा अर्थ नाही. दुकानात मोजपट्टी घेऊन जा, बॅग चाकांवर उभी करा, हँडल पूर्ण खाली दाबा, वरच्या बाजूला एक जाड पुस्तक आडवे धरून ते भिंतीला टेकवा, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. तीच खरी उंची. जाडी मात्र घरी, बॅग भरल्यानंतर मोजायची असते, कारण मऊ कापडाच्या बॅगेचा पुढचा खिसा भरला की ती सहज चार-पाच सेंटिमीटरने फुगते. बॅग मोठी करण्यासाठी जी जादा चेन दिलेली असते, ती उघडली की हातसामानाचे माप संपलेच असे समजा.

गेटजवळ लोखंडी सांगाडा ठेवलेला असतो, त्यात बॅग घालून दाखवायला सांगतात. तिथे बहुतेक वेळा अडते ते चाक, पेटी नव्हे. चार चाकांच्या बॅगेची चाके पेटीच्या बाहेर उभी असतात, आणि तेवढ्यावरच बॅग सांगाड्याच्या कडेला अडकून राहते. दोन चाकांच्या बॅगेची चाके पेटीच्या कोपऱ्यात अर्धी आत गेलेली असतात, त्यामुळे त्याच बाहेरच्या मापात आतली जागा थोडी अधिक मिळते. चार चाकांची बॅग गुळगुळीत फरशीवर चालवायला सोपी जाते हे खरे, आणि वयस्कर माणसांसाठी ते महत्त्वाचेही आहे. म्हणून तुमच्या आईसाठी चार चाकांची घ्यायची असेल तर जरूर घ्या, फक्त चाकांसह ५० सेंमी भरेल अशी शोधा. दुकानात ती बहुधा ‘१८ इंची’ म्हणून मिळेल.

मापाइतकाच, आणि भारतात तर मापापेक्षाही जास्त, प्रश्न वजनाचा असतो. इंडिगो, एअर इंडिया, एमिरेट्स, कतार या सगळ्यांची इकॉनॉमी वर्गातली हातसामानाची मर्यादा ७ किलो आहे. लुफ्तान्साची ८ किलो आहे, तर ब्रिटिश एअरवेज २३ किलोपर्यंत चालवून घेते, अट इतकीच की प्रवाशाला ती बॅग स्वतः वर ठेवता आली पाहिजे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या हातसामान सहसा तोलतच नाहीत. त्यामुळे तिकडून आलेला नातेवाईक ‘मी तर बारा किलो आणले, कोणी विचारलेही नाही’ असे सांगतो, ते खरे असते, पण ते इथून निघणाऱ्या माणसाच्या उपयोगाचे नसते. आपल्याकडे काउंटरवर हातसामान काट्यावर ठेवायला सांगतात, आणि काट्यावरचा आकडा वाद घालून बदलत नाही.

हे सात किलो बॅगेच्या स्वतःच्या वजनासकट असतात. कठीण कवचाची चार चाकांची बॅग रिकामी असतानाच अडीच ते तीन किलो भरते, म्हणजे आत ठेवायला जेमतेम चार किलो उरतात. मऊ कापडाची दोन चाकांची बॅग साधारण दोन किलोची असते, आणि साधी पाठीवरची सॅक एक किलोच्या आसपास. वर एवढी जागा पुरते की नाही हा मुद्दा राहिला होता, त्याचे उत्तर इथे आहे: कपडे, औषधे, चार्जर, कागदपत्रे असे नेहमीचे सामान भरले तर त्या मापाची बॅग भरून जाण्याच्या आधीच सात किलोचा काटा ओलांडते. त्यामुळे मोठ्या मापाच्या मागे लागून उपयोग नाही. घरून निघताना हातात धरून तोलायचा छोटा वजनकाटा वापरा, आणि आकडा साडेसहावर थांबवा, कारण पाण्याची बाटली आणि ऐनवेळी कोंबलेली शाल यांची भर घराच्या दारातच पडते.

वजनाच्या या मर्यादेमागे कारण आहे. कप्प्याचे बिजागर आणि कडी ठरावीक भारासाठी बनवलेली असतात, आणि हवेत हेलकावे बसले तर वरून पडणारी जड पेटी खालच्या माणसाचे डोके फोडू शकते. शिवाय विमानाच्या वजनाच्या हिशोबात प्रत्येक प्रवाशाला काट्यावर उभे करत नाहीत; प्रवासी आणि त्याचे हातसामान मिळून एक प्रमाण वजन धरतात. युरोपच्या नियमांत मोठ्या विमानांसाठी ते प्रौढ माणसामागे ८४ किलो आहे. प्रत्येकाने पाच-सात किलो जास्त आणले तर हा हिशोब गाभ्यातच चुकतो.

कोल्हापूरहून निघणारे एटीआर विमान हा वेगळा विषय आहे, आणि आपल्याकडे तो फारसा कोणी समजावून सांगत नाही. एटीआर ७२ हे पंख्यांचे, सत्तर-ऐंशी आसनांचे विमान. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ आसने आहेत. कोल्हापूर, नाशिक, शिर्डी यांसारख्या ठिकाणी हेच विमान सोयीचे पडते, आणि गोव्याच्या मोपा विमानतळावरून जळगावसारख्या ठिकाणी उड्डाणे करणारी फ्लाय ९१ ही कंपनीही एटीआरच वापरते. या विमानाचे डोक्यावरचे कप्पे मोठ्या जेट विमानापेक्षा उथळ असतात. बॅग कागदावर नियमात बसत असली तरी थोडी भरगच्च ट्रॉली बॅग तिथे आत जात नाही, किंवा गेली तर झाकण लागत नाही. अशा वेळी कर्मचारी ती विमानाच्या शिडीपाशीच घेऊन, टॅग लावून सामानाच्या कप्प्यात टाकतात. यासाठी सहसा पैसे पडत नाहीत आणि यात घाबरण्यासारखे काही नाही, पण आई-वडिलांना याची कल्पना आधीच देऊन ठेवा.

त्या क्षणी दोन गोष्टी केल्याच पाहिजेत. पहिली, पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या बॅगेतून बाहेर काढून जवळ घ्यायच्या, कारण त्या सामानाच्या कप्प्यात न्यायला मनाई आहे. तिथे आग लागली तर ती विझवायला कोणाचा हात पोहोचत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक केबिनमध्ये चालते. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते, म्हणून ती बसते. अलीकडे या बाबतीत कडकपणा वाढला आहे, आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका प्रवाशाला एकच पॉवर बँक, तीही विमानात न वापरण्याच्या अटीवर, अशी मर्यादा घातली आहे. बॅगेतच बसवलेली बॅटरी असलेल्या ‘स्मार्ट’ बॅगा घेऊच नका; ती बॅटरी काढता येत नसेल तर बॅग सामानाच्या कप्प्यात टाकताच येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे औषधे, पासपोर्ट, दागिने आणि पैसे. हे सगळे ट्रॉली बॅगेत न ठेवता खांद्याच्या छोट्या पिशवीत ठेवायचे, म्हणजे ट्रॉली बॅग हातची गेली तरी रक्तदाबाची गोळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळच राहते. टॅगचा जो तुकडा हातात देतात तो बोर्डिंग पासाबरोबर जपून ठेवा. टॅग लागला की ती बॅग कंपनीच्या ताब्यात दिलेले सामान ठरते, आणि ती हरवली किंवा फुटली तर दाद मागायला तोच पुरावा असतो.

खांद्याची पिशवी चालेल का, ही शंका इथे येईल. नागरी विमान सुरक्षा विभागाचा, म्हणजे बीसीएएसचा, एका प्रवाशाला एकच हातबॅग हा नियम २००० सालापासूनचा आहे, आणि सुरक्षा तपासणीपाशी गर्दी होते म्हणून जानेवारी २०२२ मध्ये तो कसोशीने पाळण्याच्या सूचना दिल्या गेल्या. पण त्याच नियमात एका बॅगेव्यतिरिक्त काय नेता येते याची यादी आहे: बायकांची पर्स, लॅपटॉप, कोट किंवा शाल, कॅमेरा, वाटेत वाचायची पुस्तके, छत्री किंवा काठी, प्रवासात लागणारी औषधे, तान्ह्या बाळाचे खाणे, घडी होणारी चाकाची खुर्ची आणि ड्युटी-फ्री दुकानातली एक पिशवी. इंडिगो या छोट्या बॅगेला ३ किलोपर्यंत मुभा देते. ती पुढच्या आसनाखाली मावली पाहिजे, एवढे लक्षात ठेवा. दोन मध्यम आकाराच्या पिशव्या आणून ‘एक माझी, एक लॅपटॉपची’ असे सांगितलेले मात्र चालत नाही.

आता रायनएअर. इथे सगळा हिशोब बदलतो. या कंपनीच्या साध्या तिकिटात फक्त आसनाखाली मावणारी छोटी बॅग मोफत असते. तिचे माप पूर्वी ४० × २५ × २० सेंमी होते, ते २०२५ मध्ये ४० × ३० × २० सेंमी, म्हणजे २४ लिटर, करण्यात आले. डोक्यावरच्या कप्प्यात जाणारी ५५ × ४० × २० सेंमी, १० किलोची बॅग हवी असेल तर ‘प्रायॉरिटी’ नावाच्या सोयीचे जादा पैसे भरावे लागतात. तुमच्या आई-वडिलांची २५ सेंमी जाडीची ट्रॉली बॅग पैसे भरूनही या मापात बसणार नाही. आणि इथे गेटवर कोणी ‘जाऊ द्या’ म्हणेल अशी आशा बाळगू नका: मोठी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक बॅगेमागे मिळणारा दीड युरोचा बोनस कंपनीने नोव्हेंबर २०२५ पासून अडीच युरो केला आहे. गेटवर भरावी लागणारी रक्कम कित्येकदा तिकिटापेक्षा मोठी असते. म्हणून ट्रॉली बॅगा तुमच्या मँचेस्टरच्या घरी ठेवून स्पेनला पाठीवरच्या सॅकमध्ये तीन-चार दिवसांचे कपडे घेऊन जावे, किंवा सगळ्या कुटुंबात मिळून एकच मोठी बॅग आधीपासून पैसे भरून चेक-इन करावी.

अशा आकारणीवर युरोपात बराच काळ वाद चालू आहे. युरोपियन न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये वुएलिंग कंपनीच्या एका खटल्यात, हातसामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे आणि माप-वजनाच्या वाजवी अटींत बसत असेल तर त्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असे म्हटले होते. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे त्यात सांगितलेले नाही, आणि कंपन्या नेमक्या त्याच फटीतून निसटतात. स्पेनने नोव्हेंबर २०२४ मध्ये रायनएअरसह पाच कंपन्यांना मिळून सुमारे १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला, त्याविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या आहेत. प्रवाशाची बाजू मला न्याय्य वाटते, पण गेटवर उभे राहून हा निकाल दाखवून बॅग आत नेता येत नाही.

शेवटचा मुद्दा परतीचा. कोल्हापूर ते हैदराबाद आणि हैदराबाद ते मँचेस्टर ही एकाच पीएनआरवरची तिकिटे आहेत की वेगवेगळी, हे आजच एजंटला विचारा. वेगवेगळी असतील तर कतारवर चालणारी मोठी बॅग हैदराबादला ताब्यात घेऊन इंडिगोच्या काउंटरवर नव्याने द्यावी लागेल, आणि तिथे देशांतर्गत प्रवासाला चेक-इनची मर्यादा १५ किलो आहे. जास्तीचे सामान तेव्हा हातबॅगेत हलवू म्हणावे तर तिथेही सात किलोच, आणि पुढे पुन्हा एटीआरचे उथळ कप्पे आहेतच. तिकिटे वेगळी निघाली, तर जादा वजन निघण्याच्या आधी इंडिगोच्या संकेतस्थळावरून विकत घेऊन ठेवा. काउंटरवरच्या दरापेक्षा ते स्वस्त पडते.